वाघ आणि माळढोक

दोन कवींची, दोन नाटकांची किंवा दोन चरित्रांची तुलना करणें हा टीकाकारांचा जुना परिपाठ आहे. आणि अशी तुलना करावयाची तर दोहोंत कांहीं तरी साम्य असावें, अशीही वाचकांची रूढ अपेक्षा असते. प्रस्तुत लेखांत ज्या दोघांना शेजारीं बसवावयाचें आहे, त्यांच्यांत साम्य असें एकच : दोघेही आपल्या देशांतून नाहींसे होण्याच्या वाटेवर आले. एक रानाचा, दुसरा माळाचा. एक हिंस्र श्वापद, दुसरा नाकतोडे आणि बोरें टिपणारा पक्षी. एकाचें नांव घेतांच लहान मूल आईच्या पदराआड होतें. दुसऱ्याचें नांव घेतलें तर शिकलीसवरलेली माणसेंही ‘म्हणजे कोण?’ असें विचारतात. तथापि ह्या दोघांविषयींचें आपलें वर्तन ताडून पाहिलें असतां आपल्या रसिकतेचें, आपल्या भाषेचें आणि थोडेंसें आपल्या न्यायबुद्धीचेंही परीक्षण सहजच होऊन जातें. तें परीक्षण हाच ह्या लेखाचा विषय होय.

आम्ही वर्धेकर वाघाचे शेजारी आहों. सेलू तालुक्यांत हिंगणीच्या पुढें बोर नदीवर धरण आहे. त्याच्या पाठीमागील सागाच्या आणि बांबूच्या टेकड्यांत १९७० सालीं अभयारण्य झालें, आणि २०१४ सालीं त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचें गाभाक्षेत्र अवघें १३८ चौरस किलोमीटर. देशांतील व्याघ्रप्रकल्पांत तें अगदीं लहानांपैकीं. परंतु पेंच, ताडोबा आणि मेळघाट ह्या मोठ्या रानांच्या मधोमध तें पडतें, म्हणून त्याचें महत्त्व त्याच्या आकारापेक्षां मोठें आहे. तेथील एका वाघास लोकांनीं ‘बाजीराव’ असें नांव दिलें होतें. २०१७ च्या डिसेंबरांत नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगांवनजीक वाहनाची धडक बसून तो मेला, तेव्हां आमच्या गांवांत घरचा कर्ता माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त झाली. पुढच्याच वर्षीं, २ नोव्हेंबर २०१८ रोजीं, वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या रानांत ‘अवनी’ नांवाची वाघीण गोळी घालून मारण्यांत आली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिच्या मरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, वर्तमानपत्रांचे रकाने कित्येक दिवस भरत राहिले, आणि दूरदूरच्या शहरांतून तिच्यासाठीं निदर्शनें झालीं.

आमच्या हिंगणघाट-समुद्रपुराला लागूनच चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्याचा मुलूख आहे. तेथील माळांवर आणि शेतांतून चालू शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मोजके माळढोक दिसत असत. हे पक्षी तेथून विरळ होत होत दिसेनासे झाले, त्याबद्दल कोणी सभा भरविल्याचें किंवा कोणी रडल्याचें मला तरी स्मरत नाहीं. एकाच्या मरणाचा गाजावाजा आणि दुसऱ्याचें निःशब्द जाणें, हा भेद कोठून आला?

ह्याचें पहिलें उत्तर असें, कीं वाघाला वाङ्मय आहे. ‘वाघ म्हटलें तरी खातो आणि वाघोबा म्हटलें तरी खातो’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें भीतीच्या पोटांतूनच आदर कसा जन्मतो हें एका वाक्यांत सांगून टाकलें. आपल्या आदिवासी बांधवांनीं वाघदेवाचीं ठाणीं उभारलीं, वाघबारस पाळली. खंडोबाच्या भक्तानें ‘वाघ्या’ हें नांव अभिमानानें मिरविलें. आणि शिवचरित्रांतील वाघनखें तर मराठी मुलाला मुळाक्षरांबरोबरच कळतात. लंडनच्या वस्तुसंग्रहालयांतील वाघनखें २०२४ सालीं साताऱ्यास दर्शनासाठीं आणलीं गेलीं, तेव्हां तीं पाहावयास रांगा लागल्या. ज्यांनीं इंग्रजी शाळेंत धडे घेतले, त्यांना ब्लेकचा वाघ भेटला. किपलिंगनें १८९४ च्या आपल्या ‘जंगल बुक’मध्यें शेरखान उभा केला, तो तर आमच्या शेजारच्या शिवनीच्या डोंगरांतला, आणि कुमाऊंतील नरभक्षकांवर जिम कॉर्बेटनें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ घरोघर वाचला गेला. ह्यांतील बहुतेक ठिकाणीं वाघ हा खलपुरुष आहे. परंतु खलपुरुष असला तरी तो नाटकांत आहे, आणि जो नाटकांत आहे तो प्रेक्षकांच्या स्मरणांतून जात नाहीं.

आतां दुसऱ्याकडे वळूं. माळढोकाचा नर उभा राहिला तर सुमारें मीटरभर उंच भरतो, आणि त्याचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगांत थोडेच. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पंख आणि संथ, तोललेली चाल. जणूं एखादा जुना पंतोजी उपरणें सांवरीत शेताच्या बांधानें निघाला आहे. विणीच्या काळीं नर गळ्याची पिशवी फुगवितो आणि खोल, घुमणारा हुंकार काढतो. त्या हुंकारावरूनच त्यास ‘हूम’ असें दुसरें नांव पडलें. राजस्थानांत त्यास ‘गोडावण’ म्हणतात. मादी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते आणि त्या एका अंड्यावर वर्षाची सारी आशा ठेवून बसते.

इतका भव्य पक्षी. पण मराठींत त्याची एक म्हण नाहीं, एक ओवी माझ्या ऐकण्यांत नाहीं, त्याच्या नांवाचा एक देव नाहीं. कै. मारुती चितमपल्ली ह्यांनीं आयुष्यभर रानांत हिंडून पक्ष्यांचीं शेंकडों नांवें गोळा केलीं आणि त्यांना ‘पक्षिकोशां’त निवारा दिला. ते मूळचे सोलापूरचे. २००६ सालीं सोलापुरांतच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि माळढोकासाठीं प्रसिद्ध असलेलें नन्नज तेथून हाकेच्या अंतरावर आहे. वाङ्मय आणि माळढोक एकमेकांच्या इतके जवळ पुन्हां क्वचितच आले असतील. परंतु नांव कोशांत असणें निराळें आणि लोकांच्या तोंडीं असणें निराळें. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली तेव्हां डॉ. सलीम अली ह्यांनीं माळढोकाचा पुरस्कार केला होता. त्याचें इंग्रजी नांव छापतांना एका अक्षराची चूक झाली तर अभद्र शब्द होईल, ह्या भीतीनें तें मागें पडलें, असें सांगतात. १९६३ सालीं मोराची निवड झाली. मोर सर्वथैव योग्य आहे. पण एका पक्ष्याचें भाग्य मुद्रणदोषाच्या भीतीवर अवलंबून राहावें, ही गोष्ट कोणाही लेखकास अंतर्मुख करणारी आहे.

कोणी म्हणेल, वाङ्मयाचा आणि प्राण्यांच्या जगण्यामरण्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आंकड्यांनीं दाखवितां येतो. १९७२ च्या गणनेंत देशांत १८२७ वाघ भरले. माळढोकांची संख्या १९६९ च्या सुमारास साडेबाराशेंच्या आसपास असावी, असा जाणकारांचा अंदाज होता. म्हणजे अर्धशतकापूर्वीं दोघांची स्थिति फारशी निराळी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें दोघांनाही पहिल्याच परिशिष्टांत बसविलें. कायद्यानें दुजाभाव केला नाहीं. पुढें १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि ज्या नऊ रानांपासून त्याचा आरंभ झाला त्यांत आपल्या वऱ्हाडांतील मेळघाट होतें. वाघाची वाट सरळ गेली असें नाहीं : २००५ मध्यें राजस्थानांतील सारिस्का अभयारण्यांत एकही वाघ उरला नसल्याचें उघड झालें, आणि २००६ च्या नव्या पद्धतीच्या गणनेंत देशभरांत अवघे १४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. परंतु देश हादरला, पैसा आला, माणसें आलीं. २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३६८२ असा आला, आणि त्यांतले ४४४ वाघ महाराष्ट्रांत. माळढोकांची संख्या मात्र दीडशेंच्या आसपास घसरली असून, ते बहुतेक सारे जैसलमेरच्या बाजूस उरले आहेत. २०११ सालींच त्याची गणना जगांतील अतिसंकटग्रस्त जातींत झाली. नन्नजच्या माळावर अलीकडे एखाददुसरा पक्षी दिसला तरी ती बातमी ठरते.

येथें न्यायानें बोलावयाचें तर सारा दोष आपल्या विस्मरणाला देतां येणार नाहीं. निसर्गानेंच दोघांना निराळें घडविलें आहे. वाघिणीस एका वेळीं दोनतीन पिल्लें होतात. तिला सावज, पाणी आणि निवांतपणा मिळाला तर थोड्या वर्षांत रान पुन्हां भरतें. माळढोकाच्या एका अंड्यावर कोल्ह्याची, मोकाट कुत्र्याची आणि गुरांच्या खुरांची टांच. तें गेलें कीं बहुधा वर्ष गेलें. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळें त्यास समोरचें नीट दिसत नाहीं. विजेची तार दिसते तेव्हां जड देह वळविण्यास अवसर उरत नाहीं.

परंतु ह्याहूनही महत्त्वाचा भेद दुसरा आहे, आणि माझ्या मतें ह्या तुलनेचें मर्म तेथेंच आहे. वाघ माणसापाशीं सीमा मागतो. माळढोक माणसापाशीं रीत मागतो. वाघाला सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतां येतें : इतकें रान तुझें, ह्या रेषेच्या आंत आम्ही येणार नाहीं. ती रेषा आंखणें कठीण आहे, तिच्यापायीं गांवें उठतात, गुराखी मरतात. बोरच्या भोंवतालच्या शेतकऱ्याला विचारलें तर तो वाघाचें कौतुक शहरवाल्यांइतकें करणार नाहीं, आणि तें रास्तच आहे. तरीही ती रेषा कागदावर काढतां येते, आणि सरकारला रेषा काढणें समजतें. माळढोकाचें तसें नाहीं. तो गवतांत वितो, ज्वारीच्या शेतांत चरतो, भुईमुगाच्या वावरांत नाकतोडे वेंचतो. माणूस तेथें नसावा असें त्याचें मागणें नाहीं. माणसानें तेथें बेतानें असावें, एवढेंच त्याचें मागणें. थोडी चराई, कोरडवाहू पीक, फवारणीचा अतिरेक नको, डोक्यावर तारा नकोत.

हा भेद न ओळखल्याचें फळ आपण भोगलें. १९७९ सालीं सोलापूर आणि अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांत माळढोकासाठीं सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटरचें अभयारण्य जाहीर झालें. हेतु उदात्त होता. परंतु वाघासाठीं काढावयाची रेषा माळढोकासाठीं काढली गेली, आणि तिच्या आंत हजारों शेतकऱ्यांचीं घरेंदारें, बाजारपेठा, सारें कांहीं आलें. जमिनीच्या खरेदीविक्रीवर, विहिरींवर, बांधकामांवर निर्बंध आले. ज्यानें कधीं माळढोकाला दगड मारला नव्हता तोही ‘ह्या पाखरानें आमची जमीन अडविली’ म्हणूं लागला. अखेर तें क्षेत्र बाराशें चौरस किलोमीटरच्या आसपास आणावें लागलें. मध्यप्रदेशांतील करेरा येथें तर अशाच कलहांत पक्षीच निघून गेला. एकाला लागू पडणारें औषध दुसऱ्याला पाजलें म्हणजे काय होतें, ह्याचें हें उदाहरण वैद्यांनीं नव्हे, आम्हां साहित्याच्या लोकांनींही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण सर्व कृतींना एकाच मापानें मोजण्याची खोड टीकाकारांतही असते.

आणि आतां भाषेच्या अपराधाकडे येतों. रानाला आपल्याकडे अरण्य, वन, जंगल, विपिन, कानन अशीं किती तरी सन्मानाचीं नांवें आहेत. माळाला काय नांव आहे? तलाठ्याच्या दप्तरांत तो ‘पडीत’ आहे. विदर्भांत गुरांच्या चराईची सरकारी जमीन ‘ई-वर्ग’ ह्या एका अक्षरांत आटोपते. २००० सालीं केंद्र सरकारनें ओसाड जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यांतही गवताळ माळांचा मोठा भाग ‘ओसाड’ ह्याच सदराखालीं पडला. ज्याला एकदां ओसाड म्हटलें, त्याचें कांहीं तरी ‘करणें’ हें पुण्यकर्म ठरतें. मग तेथें कालवा नेऊन ऊस लावा, कारखाना घाला, खाण काढा, तारा ओढा, किंवा सर्वांत निरुपद्रवी दिसणारी गोष्ट करा : झाडें लावा.

ह्या शेवटच्या कृत्यांत मी स्वतः सहभागी आहें. कांहीं वर्षांपूर्वीं राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मीं विद्यार्थ्यांना घेऊन आर्वीकडील एका गांवच्या माळावर दोनशें खड्डे खणविले आणि गिरिपुष्पाचीं व सुबाभळीचीं रोपें लाविलीं. आठ दिवस आम्ही राबलों, छायाचित्रें निघालीं, समारोपाला मीं वृक्षवल्लींच्या महतीवर भाषण केलें. तो भाग गवळाऊ गाईंचा. ही आमच्या जिल्ह्याची देशी जात नंद-गवळी पिढ्यान्‌पिढ्या माळावर चारून सांभाळीत आले, आणि चराईबरोबर तीही घटत चालली आहे. एक वृद्ध गवळी रोज दुरून आमचें काम पाहत असे. शेवटच्या दिवशीं तो जवळ आला आणि मला म्हणाला, “गुरुजी, इथं तं गवत होतं नं जी. आता आमच्या गाई काय पाला खातीन?” मीं त्याला सावलीचे आणि पावसाचे फायदे समजावून सांगितले. त्यानें मान डोलविली आणि तो गेला. मी घरीं आलों, आणि पुष्कळ दिवसांनीं, माळढोकाविषयीं वाचतांना, नन्नजच्या माळावर लाविलेल्या अशाच झाडांनीं त्या पक्ष्याचें मोकळें रान आक्रसलें, हें वाचनांत आलें. तेव्हां त्या वृद्धाचा प्रश्न मला कळला. मीं वाघाची भाषा माळावर बोललों होतों. दाट तेवढें चांगलें, हिरवें तेवढें पवित्र, ही माझी समजूत रानाच्या वर्णनांतून आलेली होती. गवत पाहावयास मला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

प्रस्तुत विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, कीं वाघ राखला म्हणजे त्याच्या छत्राखालीं हरिणापासून फुलपांखरापर्यंत सारेच राखले जातात. मग निराळ्या चिंतेचें कारण काय? हें छत्र खरें आहे. बोरच्या रानांत तें दिसतें. परंतु छत्राची सावली जेथें छत्र आहे तेथेंच पडते. रानाच्या कडेला जेथें सागवान संपतो आणि कुसळीचें गवत सुरू होतें, तेथें ती संपते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राजस्थानच्या वाळवंटांत ज्या तारांना अडकून माळढोक मरतो, त्यांतील पुष्कळशा तारा सूर्यापासून व वाऱ्यापासून वीज आणणाऱ्या आहेत. कोळशाच्या धुरानें जग तापत असतां ही वीज नको असें कोण म्हणेल? सर्वोच्च न्यायालयापुढें हा प्रश्न आला. १९ एप्रिल २०२१ रोजीं न्यायालयानें त्या टापूंतील तारा शक्य तेथें जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजीं तो व्यापक आदेश आवरता घेऊन तज्ज्ञांची समिति नेमली, आणि त्याच निर्णयांत हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. दोन्ही बाजूंना सत्य आहे, असें प्रसंग नाटकांत शोभून दिसतात. व्यवहारांत ते माणसाला नामोहरम करतात. मला ह्यांत एवढेंच दिसतें, कीं वाघाच्या रानांतून रस्ता न्यावयाचा झाला तर त्याखालून त्याला वाट ठेवावी, हा विचार आतां आपल्याला सुचतो. माळावरून तार न्यावयाची झाली तर तसा विचार सुचण्यासाठीं न्यायालयांत जावें लागलें. जो पक्षी मनांत नाहीं तो नकाशावर कोठून येणार?

नाहींशा झालेल्याला परत आणणें किती दुर्घट आहे, हें इंग्लंडला विचारावें. माळढोकाचा भाऊबंद तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत संपला; २००४ पासून रशियांतून पिल्लें आणून सॅलिसबरीच्या माळावर तो पुन्हां वसविण्याची खटपट सुरू झाली. आपल्याकडे जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडीं उबवून पिल्लें वाढविण्यांत येत आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें तेथें कृत्रिम रेतनानें पहिलें पिल्लूं जन्मास आलें. त्या शास्त्रज्ञांचे आभार मानावे तेवढे थोडे. परंतु तीं पिल्लें मोठीं झालीं म्हणजे सोडावयाचीं कोठें, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेंत मिळणार नाहीं. तें तुमच्याआमच्या माळांवर आहे, किंवा कोठेंच नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यांत आठच रस सांगितले. शांत हा नववा रस शास्त्रकारांनीं मागाहून, पुष्कळ वादविवादानंतर, मान्य केला. वाघांत वीर आहे, भयानक आहे, अद्भुत आहे. त्याचा आस्वाद घेण्यास शिक्षण लागत नाहीं. माळढोकाचा आणि त्याच्या माळाचा रस शांत आहे, आणि तो उशिरां कळतो. वाघावरचें प्रेम कमी करा असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. रसिकतेची ती पहिली इयत्ता आहे, आणि ती उत्तीर्ण झालेल्यांनीं दुसरींत बसावयास हरकत नसावी. मराठी लेखकांनीं, शिक्षकांनीं आणि आईबापांनीं माळाला पुन्हां नांवें द्यावींत, मुलांना बोर पाहावयास नेतांना वाटेंतल्या गवतापाशींही गाडी थांबवावी, आणि ‘पडीत’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं थोडें अडखळावें, एवढेंच मागणें आहे.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या विद्यार्थ्यांनीं झाडें लाविलीं नाहींत. आम्ही त्याच माळाच्या उरलेल्या भागावर गेलों. तो वृद्ध गवळी आतां नाहीं; त्याच्या नातवानें आम्हांला गवतें दाखविलीं. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा, अशीं अकरा नांवें मुलांनीं वह्यांत उतरून घेतलीं. घरीं येऊन मीं तीं कोशांत पडताळून पाहिलीं. त्यांतलीं चार मला सांपडलीं नाहींत. तीं मीं कोशाच्या समासांत पेन्सिलीनें लिहून ठेविलीं आहेत.